खंड पडल्यावर पुन्हा क्लासला, पुन्हा तालमीत

दहावीचं वर्ष आलं की घरात आधी क्लास बंद होतो, मग टीव्ही. निकालानंतर टीव्ही सुरू होतो, क्लास मात्र राहूनच जातो. या वेळी आलेली बहुतेक पत्रं अशाच मुलामुलींची किंवा त्यांच्या आईवडिलांची आहेत: लहानपणी कराटे, ज्युडो किंवा कुस्ती असं थोडं शिकलेलं, मध्ये दोन-तीन वर्षं सुटलेलं, आता पुन्हा सुरू करायचंय. सगळ्यांनाच लागू पडेल असं एक आधीच सांगतो. विसरलेलं दोन आठवड्यांत आठवतं. पण स्नायूंना पूर्वीची ताकद यायला महिना-दीड महिना लागतो, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना त्याहूनही जास्त. परतलेल्या मुलांच्या बऱ्याचशा दुखापती या मधल्या काळातच होतात.

मी पीयूसी पहिल्या वर्षाला (अकरावीला) आहे. सातवीत असताना शोतोकान कराटेत ग्रीन बेल्टपर्यंत गेलो होतो. मग ट्यूशन, मग दहावी, असं करत तीन वर्षं सुटलं. उंची बरीच वाढलीय, जुन्या ड्रेसची पँट पोटरीवर येते. परत जाताना ग्रीन बेल्ट बांधू की पांढरा? क्लासमध्ये सगळी पाचवी-सहावीची पोरं आहेत, लाज वाटते. घरी काय तयारी करू?
— ओ. प., टिळकवाडी, बेळगाव

बेल्टचा प्रश्न सरांवर सोड. पहिल्या दिवशी ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर जा, क्लास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी सरांना भेट आणि विचार. मिळालेला बेल्ट सहसा कुणी काढून घेत नाही, पण काही ठिकाणी पहिला महिना पांढरा बांधायला सांगतात. तसं सांगितलं तर बांध. क्लास बदलणार असशील तर मात्र आधी शैली विचारून घे. शोतोकानमधले हेइआन काता (ठरलेल्या हालचालींच्या मालिका) शितो-र्यूमध्ये पिनान नावाने शिकवतात, आणि पहिल्या दोघांची अदलाबदल आहे: तुझा हेइआन शोदान तिथे पिनान निदान. हालचालींतही फरक आहेत. अशा वेळी पांढऱ्यापासून सुरुवात केलेली बरी, नाहीतर दोन्हींची खिचडी होते आणि ती बेल्ट परीक्षेत उघडी पडते.

लहान पोरांबद्दल: रांगेत ती तुझ्या पुढे उभी राहतील आणि काता तुझ्यापेक्षा चांगला करतील. त्याला इलाज नाही, आणि त्याची गरजही नाही. कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, मात्र त्यांच्याबरोबर उभं राहू नकोस. तुझं वजन आणि हाताचा पल्ला मोठा, आणि ताबा अजून सुटलेला. सरांना सांगून संध्याकाळची मोठ्यांची बॅच मिळाली तर उत्तम.

आता शरीराचं. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात, स्नायू मागाहून त्यांना गाठतात. म्हणून मांडीचा मागचा भाग आणि जांघ आखडलेली असते, आणि पूर्वी सहज डोक्यापर्यंत जाणारी किक आता छातीशीच अडकते. इथेच पहिली चूक होते. जुनी उंची गाठायला मुलं झटका देतात, किंवा मित्राला खांद्यावर बसवून स्प्लिट दाबून घेतात. चौदा ते सतराच्या वयात स्नायू जिथे हाडाला चिकटतो ती जागा अजून पक्की झालेली नसते. जोराच्या किकमध्ये ‘टक्’ असा आवाज आला, कमरेच्या पुढच्या हाडाशी किंवा बसायच्या हाडाशी कळ आली आणि चालता येईना, तर त्याला ‘स्नायू ओढला’ म्हणून तेल चोळत बसू नकोस. हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो. एक्स-रे काढ.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस जा, पाऊण तास. किक बेल्टच्या वर नाही, कुमिते अजिबात नाही. काता ताकद न लावता, मोजून, संथ. हेइआन शोदानच्या एकवीस हालचाली आधी पक्क्या कर, मगच निदान, मगच सान्दान. तिन्ही एकदम आठवायला गेलास तर वळणांवर एकातून दुसऱ्यात शिरशील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन दिवस, एक तास. पॅडवर पंच-किक आणि जोडीदाराबरोबर इप्पोन कुमिते, म्हणजे ठरलेला एक हल्ला आणि ठरलेला बचाव. पाचव्या आठवड्यापासून पूर्ण क्लास. हलकं कुमिते त्यानंतर, तेही हातमोजे, शिनगार्ड आणि माऊथगार्ड घालून, एकेक मिनिटाच्या दोन-तीन फेऱ्या.

घरी क्लास नसेल त्या दिवशी वीस मिनिटं पुरे. पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या, एक मिनिट उड्या आणि अर्धा मिनिट थांबा असं. मग दहा-दहा बैठकांचे तीन सेट, आठ-आठ पुशअप्सचे तीन, अर्ध्या मिनिटाचं प्लँक दोनदा, आणि एका पायावर उभं राहून तीस सेकंद तोल, दोन्ही पायांवर. तोल जमला की डोळे मिटून. व्यायामाआधी पाय पुढे-मागे, आडवे झोके घेत मोकळे कर. थांबून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी, अंग गरम असताना, वीस-तीस सेकंद.

स्टान्समध्ये दोन गोष्टी बघ. झेनकुत्सु दाचीची (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहण्याची) लांबी तू लहानपणी फरशीच्या चौकटींवरून पाठ केली असशील, तर ते माप आता चालत नाही. पाय खांद्याच्या रुंदीइतके दूर ठेव, पुढचा गुडघा वाकून पंजाच्या वर आणि दुसऱ्या बोटाच्या दिशेने असू दे, मागची टाच जमिनीला टेकलेली. टाच उचलली जात असेल तर स्टान्स लांब झालाय. गुडघा आत पडत असेल तर आठवड्याभरात त्याची आतली बाजू ठणकायला लागते. दुसरी गोष्ट मावाशी गेरीची, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या किकची. किक मारताना उभ्या पायाची टाच समोरच्याच्या दिशेने वळलीच पाहिजे. इंटरलॉकिंग फोमच्या मॅटवर घामेजला तळवा चिकटतो, पाय वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कठड्याला धरून नुसतं टाच वळवणं रोज दोन्ही पायांवर वीसदा कर. हवेत पंच मारताना कोपर शेवटपर्यंत ताठ करून थाडकन अडवू नकोस, बोटभर वाकलेलं ठेव. नवीन मुलांची कोपरं बहुतेक यामुळेच दुखतात.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, जिना उतरताना तोंड वाकडं होणं हे चालतं. ते दोन-तीन दिवसांत जातं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येईल असं सांध्याजवळचं दुखणं, किंवा चाल बदलायला लावणारं दुखणं चालत नाही. तसं झालं तर त्या आठवड्यात पुढची पायरी चढायची नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. पाचवी-सहावीत ज्युडो शिकली, मग सोडलं. आता मैत्रिणींबरोबर परत जायचं म्हणते. तेव्हा ती लहान होती, पडली तरी काही वाटायचं नाही. आता डोक्याला, मानेला लागेल अशी भीती वाटते. पाळीच्या दिवसांत जावं का?
— एक आई, निपाणी

तुमची भीती अनाठायी नाही, पण तिचा उपाय क्लास न लावणं हा नव्हे. उपाय पडायला शिकणं हा आहे, आणि ते तिला जवळपास नव्याने शिकावं लागेल. चार वर्षांत ती हातभर उंच झाली असेल, म्हणजे पडणंही तेवढंच उंचावरून.

ज्युडोत पडण्याच्या कौशल्याला उकेमी म्हणतात. मागे पडण्याची उकेमी आधी आडवं झोपून करायची: हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर, दोन्ही हात शरीरापासून तीस-पंचेचाळीस अंशांवर, तळवे खाली, आणि मॅटवर एकदम थाप. थाप देताना श्वास बाहेर. हे जमलं की उकिडवं बसून मागे लोळायचं आणि थाप द्यायची. त्यानंतर उभं राहून, गुडघे वाकवत खाली बसत. कडेवर पडण्याची उकेमीही याच क्रमाने. पुढे कोलांटी घेत पडण्याची शेवटी, कारण तिथे खांदा आणि मान दोन्ही चुकू शकतात.

चुकतं ते दोन ठिकाणी. घाबरलेली मुलगी पडताना हात मागे टेकते, आणि मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. दुसरं, हनुवटी सुटते आणि डोकं मागे आपटतं. म्हणून पहिले दोन आठवडे तिने रोज दहा मिनिटं नुसती उकेमी करावी, जोडीदाराकडून फेकून घेऊ नये. त्यानंतरही सुरुवात ओ-गोशी (कमरेवरून फेक), दे-आशी-बाराई (पुढचा पाय झाडून पाडणं) अशा फेकींनी व्हावी, ज्यात फेकणारा बाही सोडत नाही आणि पडणाऱ्याचं वरचं अंग सावरलेलं राहतं. ओसोतो-गारी, म्हणजे पाय मागून कापून सरळ मागे पाडणं, हा शिकायला सोपा वाटतो म्हणून लवकर दिला जातो. नवशिक्यांच्या डोक्याला गंभीर मार बसतो त्यात या फेकीचं नाव पुढे असतं. उकेमी पक्की होईपर्यंत ती तिच्यावर करू नये, हे सरांशी स्पष्ट बोला. चांगले सर याचा राग धरत नाहीत.

क्लास बघायला गेलात तर मॅटही बघा. ज्युडोला साधारण चाळीस मिलिमीटर जाडीच्या दाट ताटामी मॅट लागतात. कराटेच्या वीस-पंचवीस मिलिमीटरच्या फोमवर फेक शिकवत असतील तर नको. मॅटच्या सांध्यांत फट नसावी, त्यात पायाची बोटं अडकतात. भिंत आणि खांब मॅटपासून दूर असावेत.

डोकं आपटलंच आणि नंतर डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं किंवा ती गोंधळल्यासारखी वाटली तर त्या दिवशी खेळ बंद, ‘बरी आहे’ म्हणाली तरी बंद. उलट्या वाढल्या, झोप येतच राहिली, हातपाय लुळे वाटले तर तडक दवाखाना. पुन्हा सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधी चालणं, मग धावणं, मग एकटीचा सराव आणि सगळ्यात शेवटी जोडीदार.

पाळीत जायला हरकत नाही. पहिल्या दिवशी पोट दुखत असेल तर सुट्टी, किंवा नुसता हलका सराव. मुली गीच्या (ज्युडोच्या ड्रेसच्या) आत साधा पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालतात, तो घ्या. नखं बारीक कापलेली, केस मऊ रबराने बांधलेले, पिना, कानातलं, बांगड्या सगळं घरी.

मी नंदगडजवळच्या गावातला. बारा वर्षांचा असताना तालमीत जात होतो, आता सतरावं चालू आहे. दोन महिन्यांखाली परत सुरू केलं. वस्ताद पाचशे बैठका म्हणतात. माझ्या गुडघ्याखाली पुढं गाठ आल्यासारखी झालीय, गुडघे टेकून बसलं की कळ मारते. सोडून देऊ काय? आणि माती सोडून मॅटला जावं काय?
— एक वाचक, ता. खानापूर

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला टेंगूळ, आणि टेकल्यावर, उडी मारल्यावर, बैठका काढल्यावर कळ: वाढीच्या वयातल्या खेळाडूंत हे फार दिसतं. मांडीचा मोठा स्नायू त्या जागी बांधलेला असतो. हाड अजून वाढत असतं आणि बैठकांनी तो स्नायू रोज शेकडो वेळा तिथे हिसका देतो. डॉक्टर याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, टेंगूळ तेवढं राहतं. तालीम सोडायची गरज नाही, बैठका कमी करायची आहे. महिनाभर पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका आणि सपाटे बंद. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत वीस-तीस सेकंद थांबणं, पाचदा, दुखत नसेल तितकंच खाली. सरावानंतर फडक्यात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं. मांडीचा पुढचा भाग ताणायचा: उभं राहून टाच ढुंगणाला लावायची, तीस सेकंद. तोवर जोर, दोर चढणं, गर्दनखेच, पकडींचा सराव चालू ठेव.

पण एकदा डॉक्टरांना दाखव, कारण गुडघा दुखण्याची सगळी कारणं गुडघ्यात नसतात. गुडघा सुजला, अडकला, रात्री झोपेत दुखला, किंवा लंगडायला लागलास आणि पाय बाहेर वळायला लागला, तर वाट बघू नकोस. शेवटच्या लक्षणाला विशेष जप: या वयात खुब्याच्या हाडाची वाढीची जागा सरकते आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं.

पाचशे बैठका जुन्या पैलवानांनी काढल्या हे खरं, पण पहिल्या महिन्यात नव्हे. दुखणं थांबल्यावर दहाच्या चार सेटनी, म्हणजे चाळीस बैठकांनी सुरू कर, एक दिवस आड. जोर पाचाचे चार सेट. दर आठवड्याला बैठका वीसने, जोर पाच-दहाने वाढव. अडीच-तीन महिन्यांत दोनशेच्या पुढे आरामात जाशील. खंडानंतर एका दिवशी शेकडो बैठका मारल्या की स्नायू फुटायला लागतात, आणि त्यातून निघालेला पदार्थ मूत्रपिंडावर येतो. मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर भरपूर पाणी पीत त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. अशी पोरं वॉर्डात सलाइन लावून पडलेली असतात आणि घरच्यांना वाटतं कावीळ झाली. वस्तादांना हे सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी ने.

मानेचं सांगायलाच हवं, तू विचारलं नाहीस तरी. ब्रिज (डोकं टेकून मानेवर अंग उचलणं) लगेच काढू नकोस. पहिले तीन आठवडे तळहात कपाळाला लावून दहा सेकंद दाब, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाचदा. मान हलू द्यायची नाही. मग हातांचा आधार घेऊन ब्रिज. लढतीत मान मुरगळून दंडातून बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या तर उठून बाहेर ये.

माती की मॅट, हा वाद आपल्याकडे तालमीच्या कट्ट्यावर रात्रभर चालतो. आमचं मत: दोन्ही, पण स्पर्धा खेळायची असेल तर मॅट टाळता येणार नाही. मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. पैलवान खडाखडीत वेळ घेतो, समोरच्याला दमवतो. मॅटवर सतरा वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये तीस सेकंद. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. पायावर झेप घेऊन पाडलं की दोन गुण, म्हणून एकेरी पट आणि दुहेरी पट (एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं) यांचा वेग सगळ्यात आधी लागतो. तुझे ढाक आणि कलाजंग हे डाव कामाला येतील, पण तिथपर्यंत पोचायला वेळ मिळाला तर. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. मॅटवर बूट लागतात. मातीतला अनवाणी पाय बुटात आधी चिकटल्यासारखा होतो, त्यामुळे घोटा मुरगळतो. पहिले चार-पाच दिवस बूट घालून नुसतं फिर, वळ, बैठका घे, मग लढ. आठवड्यातून दोन दिवस मॅट, बाकी तालीम, असं ठेवलंस तर माती सुटणार नाही.

खानापुरात पाऊस सुरू झाला की ज्युडोचा ड्रेस वाळतच नाही. वास येतो. आता मानेवर आणि कमरेला गोल चट्टे उठलेत. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं, आता जास्त पसरलंय.
— रो. दे., खानापूर

त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड आणि आणखी एक-दोन औषधं मिसळलेल्या ट्यूबी मागाल तशा मिळतात. स्टेरॉइडने खाज आणि लाली चार दिवसांत दबते, नायटा मात्र खालून वाढतो, आणि मग साध्या औषधालाही दाद देत नाही. ती आजच बंद कर आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दिलेलं मलम चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावायचं, कडेने दोन बोटं जास्त. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचंही औषध एकदमच. टॉवेल वेगळा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोडीदाराबरोबर सराव नको. एका मुलाचा नायटा महिन्याभरात अख्ख्या बॅचला होतो.

ड्रेसचं: ज्युडोचं जॅकेट जाड विणीचं, आपल्याकडच्या जुलैत त्याला वाळायला दोन-दोन दिवस लागतात. जमलं तर दोन जॅकेटं ठेव, नवीन नको, मोठ्या मुलांचं वापरलेलं चालेल. क्लासहून आल्याआल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढ. रात्रभर पिशवीत राहिलेल्या ड्रेसचा वास मग कुठल्याच साबणाने जात नाही. गार पाण्यात, ब्लीच न घालता धू, ब्लीचने सूत कुजतं आणि पकडीत कॉलर फाटते. पिळून उलटं करून, बाह्या पसरून, काठीवर पंख्याखाली टाक. चुलीवर धुराला धरू नकोस. क्लासहून आल्यावर लगेच साबणाने अंघोळ, आणि मॅटच्या कडेपर्यंत चपला घालून जायचं, बाथरूमला अनवाणी जायचं नाही.

तालमीतल्या वाचकांसाठी एक: मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालतात ती उत्तम रीत आहे, पण पावसाळ्यात हौद दमट राहतो. रोज उकरून वारा लागू द्या, आणि उघडी जखम किंवा चट्टा असलेल्याला आत घेऊ नका. कान चेंगरून फुगला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून घ्या. नंतर ते घट्ट होतं आणि कान तसाच राहतो.

माझं वजन ५३.५ किलो आहे. दहा दिवसांनी स्पर्धा आहे. सर म्हणतात ५१ किलोच्या गटात खेळ, तिथं सोपं पडेल. पाणी बंद करून, स्वेटर घालून पळायला सांगितलंय.
— एक खेळाडू, वय १६, चिकोडी

५५ मध्ये खेळ. पाणी तोडून उतरवलेल्या अडीच किलोंबरोबर ताकद, दम आणि डोकं तिन्ही जातं, आणि वाढत्या वयात हे पुन्हापुन्हा केलं की वाढीवर परिणाम होतो. स्वेटर आणि प्लास्टिक घालून पळताना पोरं उन्हाने कोसळली आहेत. सर ऐकत नसतील तर हे पत्र वडिलांना दाखव.

पैलवानकीला परत लागलोय, खुराक काय ठेवू? जिममधला मित्र प्रोटीन पावडर घे म्हणतो. आई म्हणते तूप आणि बदाम.
— शि. ना., हल्याळ

तुझं वजन ५८ किलो धरलं तर दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं पुरतात. हिशेब कर: अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर जास्त म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, दोन वाट्या मटकीची उसळ किंवा आमटी १२-१३, जोंधळ्याच्या चार भाकऱ्या २० च्या वर. झाले सत्तरच्या पुढे, आणि अजून ताक-दही धरलंच नाही. पावडरीची गरज नाही. अंडी खात नसशील तर दूध पाऊण लिटर आणि वाटीभर फुटाणे. आईचे भिजवलेले दहा-बारा बदाम आणि थंडाई चालू दे, पण बदामावर अंग येतं हा गैरसमज आहे. अंग भाकरी-उसळीवर येतं. गोकाकचा करदंट (गूळ-सुक्यामेव्याची मिठाई) सरावानंतर एक तुकडा चालेल. बेळगावच्या कुंद्याला (दुधाच्या मिठाईला) खुराक म्हणायचा मोह आवर. सरावाआधी दोन तास पोट भरून जेवण नको. पहाटे तालमीला जात असशील तर एक केळं आणि पाणी.

मुलाला चौदाव्या वर्षी परत कराटेला घालायचंय. गावात दोन क्लास आहेत. एक जण म्हणतो वर्षात ब्लॅक बेल्ट. दुसरे सर कन्नड बोलतात, मुलगा मराठी शाळेत. कुठं घालू?
— एक वडील, संकेश्वर

दुसरीकडे. वर्षात ब्लॅक बेल्ट म्हणजे बेल्टची विक्री. नेमाने येणाऱ्या मुलालाही तिथपर्यंत चार-पाच वर्षं लागतात. भाषेचं मनावर घेऊ नका. योई (तयार), हाजिमे (सुरू), यामे (थांबा), इची-नी-सान (एक-दोन-तीन) हे सगळ्यांनाच जपानीत, आणि उरलेलं कन्नड तुमच्या मुलाला बाजारात येतंच. फी भरण्याआधी एक पूर्ण क्लास बसून बघा. आधी अंग गरम करून घेतात का, मोठा मुलगा लहानाशी लढताना सर थांबवतात का, चुकलेल्याला मारतात का, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे का. पालकांना बसू देत नसतील, किंवा सर मुलांना एकेकटं घरी बोलावत असतील, खाजगी मेसेज करत असतील, तर तिथे घालू नका. बेल्ट परीक्षेची फी वेगळी किती आणि वर्षातून किती वेळा, हे आधीच लिहून घ्या. महिन्याची फी कमी सांगून खर्च तिथे वसूल केला जातो.